परीक्षा आपली, सही आपली

(विमा एजंटाच्या परीक्षेला बसणाऱ्या बचत गटातल्या बायकांसाठी तालुक्याच्या गावी एक दिवसाचं शिबिर झालं. त्यात केलेलं हे भाषण. बोलण्याच्या ओघातलीच भाषा ठेवली आहे.)

या शिबिराचं पत्रक वाचून आमच्याच दोन-तीन कार्यकर्त्यांनी मला विचारलं, "विम्याच्या परीक्षेची तयारी आपण कशाला करून घ्यायची? ते काम कंपन्यांचं. आपलं काम पोटगी, हिंसा, रेशन." प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचं उत्तर देते, मग अभ्यासाकडे वळू.

पहिलं कारण म्हणजे बायका या परीक्षेला बसताहेतच, आपण सोबत असू किंवा नसू. ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपतला विमा सखी योजना सुरू झाली. दहावी पास, वय १८ ते ७०. भारतीय आयुर्विमा महामंडळाची एजंट व्हायचं आणि तीन वर्षं विद्यावेतन घ्यायचं: पहिल्या वर्षी महिन्याला सात हजारांपर्यंत, दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी पाच. दहावी होऊन पंधरा वर्षं चुलीपुढे काढलेल्या बाईला हा आकडा लहान वाटत नाही. पण त्याला अटी आहेत. वर्षाला निदान २४ जणांचे विमे उतरवायचे असतात. पहिल्या वर्षी केलेल्या पॉलिसींपैकी निदान ६५ टक्के चालू राहिल्या तरच दुसऱ्या वर्षीचं विद्यावेतन मिळतं. आणि ही पगाराची नोकरी नाही, हे योजनेतच स्पष्ट लिहिलेलं आहे. हे सगळं माहीत करून घेऊन बाई त्यात उतरली तर ठीक. माहीत नसताना उतरली तर पहिली पॉलिसी ती बहिणीची काढते, दुसरी नणंदेची, तिसरी भावाची, आणि नात्यातली माणसं संपली की तिचं कामही संपतं.

दुसरं कारण तुमच्यापैकी अनेकींना ठाऊक आहे. परीक्षा बाई देते, एजन्सी बाईच्या नावावर, आणि मोटारसायकलवर फिरून धंदा करतो नवरा किंवा दीर. कमिशन जमा होतं ते खातं बाईचं, आणि त्याचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात. जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून आपण इतकी वर्षं भांडतो आहोत. इथे नाव आपोआप लागतं, पण त्या नावामागे बाई नसते.

तिसरं कारण मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. या परीक्षेच्या पुस्तकात बाईच्या आयुष्याचे तीन-चार कायदे दडलेले आहेत. नवरा गेल्यावर पैसा कोणाच्या हातात जातो, हे बरेचदा एका फॉर्मवरच्या दोन ओळींनी ठरतं. त्या ओळी भरताना समोर एजंट बसलेली असते. ती एजंट तुम्ही असणार आहात. म्हणून हा अभ्यास केवळ पास होण्यापुरता करू नका, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आता परीक्षा. आयुर्विम्याचा पेपर संगणकावर असतो. प्रश्न ५०, वेळ एक तास. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं दिलेली असतात, त्यातलं बरोबर निवडायचं. पास व्हायला ३५ टक्के लागतात, म्हणजे १८ उत्तरं बरोबर आली की झालं. पेपर मराठीत देता येतो. अर्ज भरतानाच भाषा मराठी निवडा. अभ्यासाच्या पुस्तकाला 'आयसी-३८' म्हणतात, तेही मराठीत मिळतं. काहीजणींना माऊसची भीती वाटते. ज्या शाळेत किंवा केंद्रात संगणक आहे तिथे दोन दुपारी बसा. एवढ्यात हात सरावतो.

अभ्यासाआधी एक काम करा. तुमचे कागद एकमेकांशी जुळतात का ते पाहा. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनकार्डवर तिसरंच काहीतरी. पुरुषांना हा प्रश्न कधी पडत नाही, कारण त्यांचं नाव कोणी बदलत नाही. आपण फक्त नावाच्या घोळामुळे परीक्षेच्या दारातून परत यायला नको. विवाह नोंदणीचा दाखला काढा, किंवा राजपत्रात नावबदल करून घ्या, आणि सगळे कागद एका नावाचे करा. ज्यांनी लग्नानंतर माहेरचंच नाव ठेवलं आहे त्यांचं काम सोपं आहे. नाव बदलण्याची सक्ती करणारा कायदा नाही, हेही जाता जाता लक्षात ठेवा.

अभ्यास कसा करायचा? एकटीने करू नका. चौघींचा गट करा. एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने ते आपल्या शब्दांत सांगायचं, तिसरीने आडवे प्रश्न विचारायचे, चौथीने वहीत लिहायचं. दुसऱ्या दिवशी कामं बदलायची. पुस्तकातली मराठी जड आहे. 'परम सद्भावाचं तत्त्व' वाचून छाती दडपते. त्याचा अर्थ एवढाच, की विमा घेणाऱ्याने आपल्याबद्दलची महत्त्वाची गोष्ट लपवायची नाही आणि कंपनीनेही लपवायची नाही. 'विमायोग्य हित' म्हणजे ज्याच्या जाण्याने तुमचं नुकसान होईल त्याचाच विमा तुम्हाला उतरवता येतो, वाटेवरच्या परक्याचा नाही. जी गोष्ट आपल्या शब्दांत सांगता येते ती परीक्षेत आठवते.

आणि जुनी गाइडं घेऊ नका. नियम बदलले आहेत. पॉलिसी हातात आल्यावर ती पसंत नसेल तर परत करण्याची मुदत पूर्वी बहुतेक वेळा १५ दिवस असायची. २०२४ च्या नियमांनी ती ३० दिवस झाली. आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त चार वर्षं थांबावं लागे, ते आता तीन वर्षांवर आलं. कंपनीकडून चालू आवृत्ती मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

आता तीन प्रकरणं आपण सावकाश पाहू.

पहिलं माणसाच्या आर्थिक मूल्याचं. पुस्तकात एक हिशोब येतो, परीक्षेतही येतो. एक माणूस वर्षाला दोन लाख कमावतो, स्वतःवर पन्नास हजार खर्च करतो. म्हणजे घराला देतो दीड लाख. व्याजाचा दर सहा टक्के धरला, तर दीड लाख व्याज मिळायला पंचवीस लाख रुपये ठेवावे लागतील. हे त्याचं आर्थिक मूल्य, आणि साधारण तेवढा त्याचा विमा असावा. हिशोब सोपा आहे, पाठ करा, मार्क मिळतील. पण नंतर एकमेकींना एक प्रश्न विचारा: याच रीतीने घरातल्या बाईचं मूल्य किती येतं? कमाई शून्य, म्हणून मूल्यही शून्य!

न्यायालयांनी मात्र हे शून्य मान्य केलेलं नाही. १९८९ साली जमशेदपूरला एका समारंभात आग लागून बायका-मुलं दगावली. त्या भरपाईच्या खटल्यात, म्हणजे लता वाधवा खटल्यात, २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या घरकामाचं मोल महिना तीन हजार रुपये धरलं. रक्कम कमीच होती, पण शून्य पुसलं गेलं. २०२१ च्या जानेवारीत एका अपघाताच्या खटल्यात याच न्यायालयाने सरकारी पाहणीचा आधार घेतला. २०१९ च्या त्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला २९९ मिनिटं घरकामात जातात, असं दिसलं होतं. पुरुषांची मिनिटं ९७. तेव्हा उद्या एखाद्या घरात "तिचा विमा कशाला, ती काय कमावते?" असं कोणी म्हणालं तर तुमच्याकडे उत्तर असलं पाहिजे. ती गेली तर स्वयंपाक, मुलं, म्हातारी माणसं, गुरं यांच्यासाठी माणूस ठेवायला किती लागतील, हे तिथेच कागदावर मांडून दाखवा.

दुसरं प्रकरण नॉमिनीचं. हे सर्वात नीट वाचा. आपल्याकडे समज असा, की नॉमिनी म्हणजे मालक. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी खटल्यात सांगितलं, की नॉमिनी फक्त पैसे स्वीकारणारा हात आहे, पैसा वारसांचा. त्या खटल्यात नॉमिनी बायको होती आणि हिस्सा मागणारी सासू आणि मुलगा होते. म्हणजे कायदा नेहमी सुनेच्या बाजूने किंवा नेहमी सासूच्या बाजूने झुकतो असं नाही. पुढे २०१५ साली विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये दुरुस्ती झाली. आईवडील, नवरा किंवा बायको, आणि मुलं यांच्यापैकी कोणी नॉमिनी असेल तर ती रक्कम लाभ म्हणून त्याचीच, असं त्यात आलं.

ऐकायला छान वाटतं. पण आपल्या घरांत काय घडतं? मुलगा नोकरीला लागला की पॉलिसी काढतो, तेव्हा लग्न झालेलं नसतं, नॉमिनी आई. मग लग्न होतं, मूल होतं, कागद तसाच राहतो. आणि एक दिवस तो अपघातात जातो. अशीच एक केस कर्नाटक उच्च न्यायालयापुढे आली. २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की वारसांनी हक्क मागितला तर या दुरुस्तीने वारसा कायदा बाजूला सरत नाही. आई, बायको आणि मूल यांना प्रत्येकी एक तृतीयांश. तो माणूस २०१९ मध्ये गेला होता. इतकी वर्षं ती बाई कोर्टात होती. नॉमिनी बदलण्याचा फॉर्म वेळेवर भरला असता तर?

म्हणून ज्या घरात जाल तिथे नवी पॉलिसी विकण्याआधी जुने बाँड बघायला मागा. नॉमिनी कोण आहे ते वाचून दाखवा. लग्न झालं, मूल झालं, नॉमिनी वारला, की नोंद बदलायची. त्यातून तुम्हाला एक पैसा कमिशन मिळणार नाही. पण त्या घरात तुमचा शब्द राहील.

याच प्रकरणात आणखी एक कायदा आहे: विवाहित स्त्रियांच्या संपत्तीचा कायदा, १८७४. इंग्रजांच्या काळातला. त्यातलं कलम ६ सुरुवातीला हिंदू, मुसलमान, शीख, जैन बायकांना लागू नव्हतं; १९२३ साली ते लागू झालं. नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा उतरवताना तो बायकोच्या किंवा बायको-मुलांच्या लाभासाठी आहे असं पॉलिसीवरच लिहिलं, तर ती रक्कम म्हणजे त्यांच्यासाठी वेगळी राखलेली ठेव होते. त्यावर नवऱ्याचा ताबा राहत नाही, सावकाराला ती जप्त करता येत नाही, दिराला त्यात वाटा मागता येत नाही. सावकाराला बुडवण्यासाठीच हा डाव केला असेल तर गोष्ट वेगळी. कर्जाने खचलेल्या शेतकरी घरात या एका कलमाची किंमत काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. हे पॉलिसी काढतानाच करावं लागतं. वेगळा कागद जोडायचा असतो. परीक्षेत यावर एखादाच प्रश्न येईल. गावात मात्र किती एजंट हे कलम आपणहून सांगतात, तुम्हीच आठवून बघा.

तिसरं प्रकरण प्रस्तावाच्या फॉर्मचं. बाईच्या फॉर्मवर जादा प्रश्न असतात. गरोदर आहे का, शेवटचं बाळंतपण कधी, गर्भपात झाला होता का, नवऱ्याचा विमा किती. हे प्रश्न पुरुष एजंट ओसरीवर बसून विचारतो, सासरे ऐकत असतात, आणि बाई मान खाली घालून "नाही, नाही" म्हणते. फॉर्मवर "नाही" लिहिलं जातं. पुढे हेच "नाही" पुढे करून कंपनी दावा फेटाळू शकते. आपल्या राज्यात तर पिशवी काढलेल्या बायका गावोगाव आहेत. बीडच्या ऊसतोड बायकांच्या बाबतीत २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. तिने ऑपरेशन लपवलं तर तिचाच दावा अडकतो. तुम्ही बाई आहात. तिला आतल्या खोलीत घेऊन बसा, प्रश्न का विचारतात ते सांगा, खरं लिहा, आणि सही करण्याआधी सगळा फॉर्म तिला वाचून दाखवा. अंगठा घ्यायचा असेल तर दुप्पट काळजी घ्या. आयुर्विमा तीन वर्षं चालला की कंपनीला कोणत्याही कारणाने त्यावर आक्षेप घेता येत नाही, हे कलम ४५. त्याच्या भरवशावर खोटं लिहू नका. पहिल्या तीन वर्षांत मरण येणारच नाही असं कोण सांगेल? आणि आरोग्य विम्याच्या वेळी हेही सांगा, की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विम्याचं संरक्षण द्यायचं बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कंपन्यांवर घातलं आहे.

आता धंद्याबद्दल थोडं स्पष्ट बोलते. कमिशन पहिल्या वर्षी जास्त, पुढे कमी. त्यामुळे मोठ्या हप्त्याची पॉलिसी गळ्यात मारायचा मोह होतो. मजुरीवर जगणाऱ्या बाईला वर्षाला बारा हजारांचा हप्ता बांधला, तर तो दुसऱ्या वर्षी थकतो. महिन्याच्या हप्त्याला १५ दिवसांची सवलत, बाकीच्यांना ३०. तेही उलटले की पॉलिसी बंद पडते. तुमचं कमिशन पचलेलं असतं, तिचे पैसे अडकलेले असतात, आणि बचत गटाच्या बैठकीत तुम्ही दोघी समोरासमोर बसता. कंपनी त्या बैठकीत नसते.

म्हणून ज्या बाईची ऐपत नाही तिला आधी बँकेतल्या किंवा पोस्टातल्या खात्यावरच्या दोन योजना सांगा. वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा, वय १८ ते ५०. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा, वय १८ ते ७०. यात तुमच्या पदरात फारसं काही पडणार नाही. पण तिच्या खात्यातून हप्ता कापला गेला का, नॉमिनी कोण लिहिलाय, हे तपासून देणारी बाई गावात हवीच आहे.

गिऱ्हाईक म्हणेल, "पहिला हप्ता तू भर, मग घेतो." कलम ४१ आठवा. कमिशनमधून सूट देणं गुन्हा आहे, आणि घेणंही. मागणारा बहुतेक वेळा घरातला मोठा पुरुष असतो, नाही म्हणणं जड जातं. तेव्हा सरळ सांगा, "भाऊ, कायद्याने मला बंदी आहे. परीक्षेत मला हाच प्रश्न होता."

दावा नाकारला गेला तर घाबरून बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, पोच घ्यायची. तरी न्याय मिळाला नाही तर विमा लोकपाल. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायचं. अर्ज लिहायला आम्ही मदत करू.

शेवटचं, आणि हे घरी जाऊन करायचं आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर एजंटला सरकारी परवाना लागत नाही. परीक्षा पास झालं की कंपनी नेमणुकीचं पत्र देते. ते पत्र तुमच्या पेटीत राहू द्या. कमिशन ज्यात जमा होतं ते खातं फक्त तुमच्या नावाचं असू द्या. पोर्टलचा पासवर्ड तुमच्या डोक्यात, ओटीपी येणारा मोबाईल तुमच्या हातात. कोऱ्या फॉर्मवर सही करून कोणाला देऊ नका, नवऱ्यालाही नाही. कारण फॉर्मवर खोटं लिहिलं गेलं तर कंपनी आणि कायदा जाब विचारणार तो सही करणारीला. घरचे मदत करत असतील, गाडीवर नेऊन सोडत असतील, तर आनंदाने घ्या. पण गिऱ्हाइकाशी बोलणं, फॉर्म भरणं, हप्त्याची पावती देणं हे तुम्हीच करा. सुरुवातीला अडखळाल. महिन्या-दोन महिन्यांत जीभ सुटते. आम्ही गटागटांत हे पाहिलं आहे.

आता जेवणाची वेळ होत आली. जेवणानंतर चौघी-चौघींचे गट पाडू. प्रत्येक गटाने नॉमिनीचं प्रकरण वाचायचं आणि स्वतःच्या घरातल्या एका पॉलिसीवर नॉमिनी कोण आहे ते आठवून सांगायचं. ज्यांना आठवणार नाही त्यांनी संध्याकाळी घरी जाऊन बाँड काढून बघायचा. पुढच्या शनिवारी भेटू तेव्हा पहिला प्रश्न मी तोच विचारणार आहे.